हातोड्याखालची कॅसेट

आलापल्लीच्या लाकूड डेपोत जगातली प्रत्येक वस्तू दोनच प्रकारची असते : निशाणी मारलेली आणि चोरीची. हे मनापासून मानणारा एकच मनुष्य मी पाहिला. तो डेपोतला मोजणीदार आणि क्वार्टरमधला माझा शेजारी. दिवसभर सागाच्या लठ्ठ्यांवर सरकारी निशाणीचा हातोडा मारून आणि त्यांच्या वाहतुकीचे पास लिहून त्याचे समाधान होत नसे. तो हातोडा घरी आणणे गुन्हा, म्हणून त्याने लोहाराकडून स्वतःच्या आद्याक्षराचा एक लहान हातोडा करून घेतला होता. पाट, पलंग, चपलांचे तळवे, छत्रीची मूठ, सगळ्यांवर ते अक्षर होते. पत्नीने फक्त पोळपाट वाचवला. ‘त्याच्यावर मारान तं पोळीवर अक्षर उमटन. मंग पोळीलेही पास लागन,’ असे तिने बजावले होते.

ऐंशीनंतर वसाहतीत टेपरेकॉर्डर आले, तेव्हा त्याने नागपूरहून जयंतीच्या गाण्यांची कॅसेट आणली. गायक त्या काळी विदर्भात घराघरांत ऐकला जाई. कॅसेट एक एप्रिलला बाहेर निघे, चौदाला विहारासमोर निळ्या झेंड्याखाली वाजे आणि पुन्हा पेटीत जाई. मधल्या काळात कोणी मागितली तर मोजणीदार वाहतूक पास लिहून देई : माल, नग, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत. मी ती एकदा माझ्या खोलीत नेली. अंतर बावीस पावले होते. पासात तेही होते.

कॅसेटवरही अर्थातच निशाणी होती. हळूच मारली, असे तो सांगे. तिसऱ्या गाण्यात ‘उजेड’ हा शब्द आला की गायकाचा आवाज दबून लांबत जाई : ‘उजेऽऽऽड’. यात काही बिघाड असेल असे कोणाच्या मनात आले नाही, कारण निशाणीआधी ती वाजलीच नव्हती. बिननिशाणीचा माल घरात वाजवायचा कसा? ‘आयका भाऊ, इथी थो श्वास मोजून राह्यला,’ मोजणीदार डोळे मिटून सांगे. वसाहतीने ती जागा पाठ केली. दोन वर्षांत आलापल्लीत उजेड सरळ म्हणणारा माणूस उरला नाही.

त्याची आठवीतली मुलगी खरोखर चांगली गाई. जयंतीनंतरच्या रविवारी चंद्रपुरात गायनस्पर्धा होती. पहिल्या येणाऱ्या मुलीला परीक्षक बाई स्वतः शिकवणार होत्या. मुलीने वर्षभर हेच गाणे घोटले होते, तिला दुसरे काही नको होते. मोजणीदाराने मलाही सोबत नेले, कारण पंचनाम्याला साक्षीदार लागतो.

मुलगी सुरेख गायली आणि ‘उजेऽऽऽड’ला पोचली. सभागृहात हशा पिकला.

‘पोरी, इथी काऊन ओढलं?’ बाईंनी विचारले.

‘कॅसेटमधी असंच हाये.’

‘माह्या कॅसेटमधी नाई वो.’ बाईंनी ओळ गाऊन दाखवली. शब्द सरळ निघून गेला.

मोजणीदार उभा राहिला. एकदा वहीत लिहिलेला लठ्ठ्याचा घेर त्याने उभ्या नोकरीत खोडला नव्हता. ‘बाई, तिची चूक नाई,’ तो म्हणाला. ‘माल मीच खराब केला. कॅसेटवर हातोडा मीच मारला.’ लोक आणखी हसले. बक्षीस आरमोरीच्या मुलीला गेले.

परतीच्या एसटीत आष्टी मागे पडली. मग त्याने हळूच विचारले, ‘पुढच्या वर्षी गाशीन ना?’

मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. ‘गाईन,’ ती म्हणाली. ‘पण आधी तुमी डोये पुसा. लोक पाहून राह्यले.’

बसमध्ये कोणीही पाहत नव्हते. पुढच्या एप्रिलआधी माझी बदली झाली. ती गायली, असे मी धरून चालतो. खात्री न करता मानलेली अशी दुसरी गोष्ट माझ्याजवळ नाही.