सोनाळ्याची मेडशिंगी

नांदुऱ्याच्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा मला शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी जमवलेले नमुने माझ्या ताब्यात आले. जाड कागदावर टाचलेली वाळकी फांदी, खाली चिठ्ठीवर झाडाचं नाव, गाव, जागा.

एका पावसाळ्यात छत गळलं आणि कपाट भिजलं. कॅटाल्पा हे परदेशी झाड आणि त्याच्या कुळातली आपल्याकडची मेडशिंगी, सगळ्यांवर बुरशी चढली होती. मॅडमना फोन करताना मला रडू आलं. त्यांनी शांतपणे विचारलं, चिठ्ठ्या वाचता येतात का? येतात म्हटलं.

"मग रडून काऊन राह्यली? झाडं तं जागेवर आहेत."

मेडशिंगीच्या फुलांचे दिवस आले तशा त्या नवा नमुना घ्यायला निघाल्याच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी बसने वरवट बकालवरून सोनाळ्याला गेलो. चिठ्ठीवर नाल्याकाठचं शेत होतं. तिथे झाडच नव्हतं. नाला खोल करताना ते गेल्याचं शेतातल्या बाईंनी सांगितलं. मॅडम बांधावर बसल्या. मग त्यांनी बाईंना मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगांचं वर्णन करून सांगितलं.

"तसल्या शेंगाचं झाड आमच्या गोठ्यामागं हाय," बाई म्हणाल्या. "लावलं कोनंच नाही, आपसूक आलं."

या झाडाचं बी पंखाचं असतं, वाऱ्याने उडत जातं. मॅडम माझ्याआधी उठल्या. गोठ्यामागे पांढरी फुलं लागली होती, पण फांदी उंच. मी नको नको म्हणत असताना त्या उभ्या बैलगाडीवर चढल्या. बाईंनी आणि मी त्यांना दोन्हीकडून धरलं. त्यांनी एकच डहाळी कापली, तीही झाडाला फार लागू नये अशी, आणि खाली उतरून फुलाची पाकळी न पाकळी सरळ करत ती वर्तमानपत्रात ठेवली.

परतताना मी विचारलं, झाड तर मेडशिंगीच आहे, मग जुनीच चिठ्ठी लावायची का?

"नाही. ते झाड गेलं, हे दुसरं आहे. दोन्ही लिही."

मी तसंच लिहिलं. गोळा करणारे म्हणून त्यांनी माझं नाव घालायला लावलं, आणि त्याखाली गोठ्यावरच्या बाईंचं. स्वतःचं घालू दिलं नाही.