‘गेट’ आणि आमच्या विहीणबाई

या विहीणबाई, फोन जरा कानाशी नीट धरा, आधी तुम्हाला रागावून घेते. दोन वर्षं झाली, ठाण्याहून नागपूरला यायचं तुम्ही नाव घेत नाही. आणि तरी आमच्या घरात रोज संध्याकाळी सातला तुमचीच हजेरी, टॅबच्या काचेत!

तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवलं. मी ते कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत भाजी निवडता निवडता शिकले, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या जाड शब्दकोशावरून. नात लहान होती तोवर एकेक शब्द घेऊन माझ्याकडेच धावत यायची. मग तिला तुम्ही सापडलात.

सातवीत तिला एका इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि त्याचा जन्म कुठला, हे वर्गात उभं राहून सांगायचं होतं. तिनं ‘गेट’ निवडलं. मी हरखले. एवढासा शब्द, पण शब्दकोशात किती पानं अडवून बसलेला! मी अर्थ वाचून दाखवले नाहीत, करवून घेतले. गादीवरून ओढून उठवलं, गेट अप. ओट्यावरून उतरवलं, गेट डाऊन. अंगणात पाइपानं भिजवलं, गेट वेट. साखरेचा डबा आणायला लावला, तोही गेटच. मिळणं, आणणं, होणं, पोचणं, समजणं, सगळी कामं एकट्याच्या अंगावर, थोरल्या सुनेसारखी. पोरगी हसून हसून लोळली.

आणि दुसऱ्या दिवशी वही पाहते तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘आजीने सांगितलेली माहिती’, आणि खाली सगळं तुमचं.

“काहून वं, माझं कुठं आहे?”

“तुझं मागच्या पानावर आहे ना. ठाण्याच्या आजीले शब्द आला कुठून तेपण माहीत आहे. अर्धं सांगितलं तिनं, बाकीचं आज सांगणार आहे. तुले माहीत आहे का?”

“मले नाही माहीत.”

“मग?”

त्या ‘मग’नं माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला, विहीणबाई. आज पहिल्यांदाच सांगते, त्या संध्याकाळी आमचं नेट गेलं नव्हतं. पावणेसातला मीच वायफायच्या डब्याची पिन काढली. मुलगा-सून ऑफिसात. माझा साधा फोन कमरेला खोचलेला होता, तो मी काढलाच नाही.

पोरगी टॅब घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिली. शेवटी रडायलाच लागली. “आजी, उद्या वर्गात मी अर्धंच सांगू का?”

तिचं रडं मला पाहवेना. स्वयंपाकघरात जाऊन मीच तुम्हाला फोन लावला. तुम्ही काही विचारलं नाही, सरळ सांगायलाच लागलात. हा शब्द मूळ इंग्रजांचा नाही. उत्तरेकडचे दर्यावर्दी जहाजं घेऊन इंग्लंडात आले आणि तिथंच राहिले, त्यांच्या तोंडचा. जुना अर्थ मिळवणं, हाती धरणं. ‘फरगेट’ही त्याच घराण्यातला, धरलेलं हातून सुटणं. मी कॅलेंडरच्या मागं भराभरा लिहून घेत होते. मग तुम्ही म्हणालात, “अहो, काल मला पाइपाची गोष्ट सांगताना ती किती हसत होती! मला उभ्या नोकरीत असं शिकवता आलं नाही. हेवा वाटतो हो तुमचा.”

खोटं कशाला बोलू? आधी बरं वाटलं, लाज मागून आली.

पिन परत लावली आणि कॅलेंडरचं पान तिच्या हाती दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सगळं नीट सांगितलं. आल्याबरोबर टॅब उघडला आणि आधी तुम्हालाच सांगितलं. मी पोळ्या लाटत ऐकत होते. जळलेच पुन्हा, काय करू, सुटत नाही ते.

म्हणून म्हणते, उन्हाळा लागायच्या आधी चार दिवस या. गोळाभात करते. ती तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून लोळेल, मला ठाऊक आहे. लोळू द्या. समोर बसून जळणं मला जमेल, भिंतीआडून तुमचं दोघींचं हसणं ऐकणं जमत नाही. लवकर या.