पंधरवड्यानं बघू

गावच्या डॉक्टर हिल्केमाबाईंना औषध लिहिताच येत नसावं, असं फ्रौक्येचं ठाम मत होतं. खोकला घेऊन जा, गुडघा घेऊन जा, झोप उडालीय म्हणून जा, बाई निवांत तपासणार, मान हलवणार आणि म्हणणार, "पंधरवड्यानं बघू." हातात चिठ्ठी नाही की गोळी नाही. "एवढ्यासाठी मी केस विंचरून आले होते!" असं ती दरवेळी वाटेत फणकारायची आणि तिचा नवरा वीबे गालात हसायचा. पंधरवड्यात खोकला पळालेला असायचा, पण ते कबूल करेल ती फ्रौक्ये कसली!

वीबे कालव्यावरचा पूल उघडायचा. शिडाची होडी आली की पूल वर घ्यायचा आणि काठीला दोरीनं टांगलेला लाकडी जोडा खाली सोडायचा. होडीवाल्यानं पुलाचे पैसे त्यात टाकायचे, ही तिकडची रीतच. वीबेचा जोडा वाऱ्यातही बरोबर माणसाच्या हाताशी जाऊन थांबे. जमीन इतकी सपाट, की लांबून शिडं गवतातून चालत आल्यासारखी दिसत. त्यांच्याकडे बघता बघता वीबेचा अर्धा दिवस तंद्रीत जाई. "अरे, जागा आहेस ना?" फ्रौक्ये घरातून हाक मारी. "आहे, पण सांगू नकोस कुणाला," तो म्हणे.

या उन्हाळ्यात तो जोडा पाण्यात पडला. वीबे हसला. परत पडला तेव्हा मात्र तो हसला नाही. मग ताटात अन्न उरू लागलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बाईंनी या खेपेला त्याला शहरातल्या इस्पितळात तपासायला पाठवलं.

आज निकाल ऐकायला दोघं बाईंसमोर बसली होती. खिडकीबाहेर धुकं होतं, आणि त्यात कुणाच्या तरी गाई पाय नसल्यासारख्या तरंगत होत्या. फ्रौक्येला एवढंच हवं होतं, की बाईंनी नेहमीसारखं पंधरवड्यावर टाकावं. ज्या वाक्याला जन्मभर नावं ठेवली, त्याचीच ती आज मनातल्या मनात विनवणी करत होती.

"वीबे, आडून सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पोटात गाठ आहे आणि ती पसरलीय. इस्पितळात औषध देतील. थोडे महिने वाढतील, पण त्यातले बरेच तिथल्या खाटेवर जातील."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर घरीच राहायचं. दुखायला लागलं की माझ्याकडे इलाज आहे. दुखू देणार नाही तुम्हाला."

"आज तर दुखत नाही."

"मग आज काही नको. घरी जा, दोघं बोला, मग—"

"बोलायचं काय त्यात?" वीबे घाईनं म्हणाला. "इतकी वर्षं काही दिलं नाहीत, आता कशाला सवय मोडता? नको मला ते औषध."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"परत कधी यायचं आम्ही?" फ्रौक्येनं विचारलं.

"आता तुम्ही नाही यायचं. मीच येत जाईन."

बाईंची सायकल एखाद्या दारात रोज दिसू लागली की त्याचा अर्थ काय, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. फ्रौक्ये उठली. पाय जमिनीला लागतायत की नाही, तेच तिला कळेना.

दोघं कालव्याच्या कडेनं चालू लागली. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. वीबेनं तिचा हात धरला होता, आणि त्या गावात म्हातारी माणसं असं करत नाहीत.

"मी मागणार होते रे ते औषध," फ्रौक्ये रडत म्हणाली. "त्यानं एकच दिवस वाढणार असता तरी मागितलं असतं. तुझ्या खाटेशी बसून राहिले असते."

"माहीत होतं मला," वीबे म्हणाला. "तू मागितलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून तर आधी बोलून टाकलं."