इजिप्तच्या मापाने शाळा

चित्रकलेच्या बाईंनी बारा वर्षं मुलांकडून एकच चित्र काढून घेतलं: दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर घर. मुलं खूश, बाई खूश. तक्रार केली ती सासूबाईंनी. वह्या तपासायला मदत म्हणून त्या सुनेजवळ बसल्या होत्या. विसावी वही मिटून त्या म्हणाल्या, "अगं, हा सूर्य बारा वर्षं त्याच खिंडीत अडकलाय. ना वर येतो, ना खाली जातो. सोडव की त्याला एकदाचा!"

बाई हसल्या खऱ्या, पण बोल जिव्हारी लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळेच्या अडगळीच्या खोलीतून पृथ्वीचा गोल शोधून काढला आणि ओल्या फडक्याने पुसला. धूळ निघाली, धुळीबरोबर दोन-चार बेटंही निघाली. तो गोल तिसरीच्या वर्गात टेबलावर आला. महिन्यातून एकदा कुणीतरी डोळे मिटून तो फिरवायचा आणि बोट टेकवायचं. बोटाखाली जो देश येईल, तिथली चित्रकला महिनाभर शिकायची.

बाई स्वतः बसने चार तासांच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. पण त्या वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणू लागल्या आणि मुलांच्या एक पान पुढे राहू लागल्या. जपानच्या महिन्यात शाई आणि कुंचल्याने बांबू काढले. बांबू बरे आले, पण चाळीस नाकं काळी झाली. पुढे पश्चिम आफ्रिकेतले मुखवटे पाहून पुठ्ठ्याचे मुखवटे केले. एक मुलगी तो घालूनच घरी गेली, तर तिच्याच कुत्र्याने तिला अर्धा तास दारात अडवून धरलं.

मग बोट इजिप्तवर टेकलं.

"तिथले जुने चित्रकार चेहरा बाजूने काढायचे आणि डोळा समोरून," बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं. "आणि माणूस जितका मोठा, तितकं त्याचं चित्र मोठं. राजा भिंतभर, नोकर त्याच्या गुडघ्याएवढा."

"मोठा म्हणजे उंच?" पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीने विचारलं.

"उंच नाही गं, महत्त्वाचा. आता आपली शाळा अशीच काढा बघू." बाई बोलून गेल्या आणि इथेच फसल्या.

चाळीस कागद गोळा झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जवळजवळ प्रत्येक चित्रात कागदभर उभ्या होत्या त्या शाळेच्या मावशी, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बादली. मुख्याध्यापक खडूच्या डबीएवढे. पालकसभा दुसऱ्या दिवशी होती आणि व्हरांड्याची भिंत रिकामी होती. बाईंनी मन घट्ट केलं, दात पडलेल्या मुलीच्या हाती टाचण्यांची डबी दिली आणि चित्रं लावायला घेतली.

शेवटची टाचणी लागते न लागते तोच वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्या बुटांची करकर ऐकू आली. ती करकर ऐकली की वर्गचे वर्ग चिडीचूप व्हायचे. मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.

"वा, बाई! ही महाराणी कोण?"

"मावशी आहेत, सर."

"अच्छा. आणि मी?"

बाई खाली पडलेल्या टाचण्या वेचू लागल्या. मुलीने मात्र बोट ठेवलं. "हे काय थर, टेबलाजवळ."

"हा? मला वाटलं उंदीर आहे."

"नाही थर, उंदीर इकडे आहे." उंदीर थोडा मोठाच होता.

सरांचे कान लाल झाले. "काढा ही चित्रं. उद्या पालक येणार आहेत."

बारा वर्षांत बाई 'हो सर' याखेरीज काही बोलल्या नव्हत्या. आज त्यांच्या तोंडून निघालं, "काढते, सर. पण मावशी एवढ्या मोठ्या का, ते आधी हिला विचारा."

सरांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "मला वर्गात उलटी झाली तेव्हा मावशी 'शी' नाही म्हणाल्या. त्यांना थगळ्यांची नावं येतात. तुम्हाला माझं येतं?"

सरांना येत नव्हतं. त्यांनी वाकून चित्रातला स्वतःचा आकार बोटाने मोजला. मग म्हणाले, "उंची वाढवायची झाली तर काय करावं लागेल?"

मुलीने गंभीरपणे विचार केला. "मधल्या थुट्टीत खाली येत जा."

चित्रं भिंतीवर राहिली. पालकसभेत सर स्वतःच पट्टीने दाखवत होते, "हा मी. नीट बघा, नाहीतर दिसणार नाही." पालक आधी बिचकले, मग पोट धरून हसले. मधल्या सुट्टीत सर खाली आले त्या पहिल्या दिवशी मुलं डबे उचलून पळाली. दुसऱ्या आठवड्यात एकाने त्यांना आपल्या डब्यातला घास दिला. नावं ते अजून चुकतात, पण चुकीचं नाव का होईना, घेतात.

बाईंनी सगळी चित्रं निरखली, तर त्या स्वतः तीनच चित्रांत सापडल्या. "मी कुठे गं?" त्यांनी मुलीला विचारलं. "तुम्ही कशा अथाल? आम्ही चित्र काढत होतो तेव्हा तुम्ही तर आमच्या मागे उभ्या होतात." हे उत्तर बाईंना इतकं आवडलं की त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

मावशींना मात्र नाक पटलं नाही. "एवढं लांब? माझं नाक आहे की नळाची तोटी?" असं म्हणत त्यांनी त्यातलं सगळ्यात मोठं चित्र मागून घेतलं आणि घरी फ्रिजच्या दारावर चिकटवलं. नवऱ्याने विचारलं, "ही कोण?"

"मी," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला केवढं काढायचं, ते काम बघून ठरवू. आधी ती भांडी घासा."