थांबलेली गाडी रिकामी पाठवू नये

गेल्या वर्षी आमच्या सासऱ्यांना जर्मनीत अनोळखी माणसं गाडीत घालून घेऊन जात होती, आणि त्याची सगळी सोय मी स्वतः करून ठेवली होती.

आमचं गाव नेकारसुल्मच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या पलीकडे. मी खाली शहरात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मध्यंतरी गावातून शहरात जाणाऱ्या बसेस कमी झाल्या. इतक्या कमी, की एक चुकली तर दुसरी येईपर्यंत माणसाचा जायचा विचारच बदलावा! माझं काही अडलं नाही, माझ्याकडे गाडी होती. पण शेजारच्या फ्राउ बाउअर, म्हणजे बाउअरबाई, अडकल्या. डोळ्यांमुळे त्यांचं ड्रायव्हिंग सुटलेलं आणि नवरा शहरातल्या वृद्धाश्रमात. रोज त्याला भेटायला जाणारी बाई कधीमधी जायला लागली. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी तक्रार करतो.

गावात एक ब्युर्गरश्टिफ्टुंग आहे, म्हणजे गावकऱ्यांनीच पदरचे पैसे घालून उभा केलेला धर्मादाय न्यास. त्यांच्या सभेत केक खाता खाता मी बसचं गाऱ्हाणं मांडलं. आपल्याकडे गाऱ्हाणं मांडलं की आपलं काम संपतं, पुढचं नगरसेवक बघतो (किंवा बघत नाही). इथं न्यासाच्या फ्राउ लिंडनर खूश होऊन म्हणाल्या, "सुंदर! मग कधी सुरू करताय?"

"काय सुरू करतोय?"

"उपाय! प्रश्न तुमचा, उपायही तुमचा. लाकूड, रंग आणि केक आमचा."

अशा रीतीने मी मिटफारबांकचा प्रमुख झालो. मिटफारबांक म्हणजे रस्त्याकडेचा साधा बाक. ज्याला शहरात जायचंय त्यानं त्यावर बसायचं, शेजारच्या खांबावर जायच्या ठिकाणाची पाटी उलटायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवाल्यानं त्याला घेऊन जायचं. न्यासानं सामान दिलं, गावानं बाक बांधला. मी दोन-चार स्क्रू पिळले आणि पेपरातल्या फोटोत मधोमध उभा राहिलो. अट एकच होती. पानगळ संपेपर्यंत बाक वापरात आला नाही, तर तो उचलून पलीकडच्या गावाला द्यायचा. तिथले लोक टपूनच बसले होते.

आणि बाकावर कोणी बसेना! इथला माणूस शेजाऱ्याचं छप्पर शाकारून देईल, पण स्वतः "मला जरा सोडता का?" म्हणणं त्याच्या जिवावर येतं. फ्राउ बाउअर तर स्पष्टच म्हणाल्या, "एकटीनं तिथं बसायचं? लोकांना वाटेल, भीक मागतेय." जिच्यासाठी बाक केला, तीच बाई खिडकीतून बाकाकडे बघत बसायची.

अशात सांगलीहून नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म कापडदुकानाच्या गादीवर गेला. दुकान आता मुलाकडे दिलंय, पण बैठक मोडलेली नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कोपऱ्यावर छान उन्हातला रिकामा बाक दिसला. तो कशासाठी आहे, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ऑफिसात, आणि फोन वाजला.

"जावईबापू, कामात नाही ना?"

"मीटिंगमध्ये आहे. बोला नाना."

"काही घाई नाही. मी कुठं आहे, तेवढं फक्त सांगा."

मी मीटिंगमधून उठलो. "समोर काय दिसतंय?"

"संडासाची भांडी. पुष्कळ आहेत."

"म्हणजे बाउमार्क्ट! हार्डवेअरचं मोठं दुकान. तिथं कसे पोचलात?"

"एका गृहस्थांनी सोडलं."

"कशाला?"

"आता ते मी कसं सांगू? मी ऊन खात बसलो होतो. ते थांबले, दार उघडलं. सकाळची वेळ, भवानी व्हायचीये माणसाची. पहिल्या गिऱ्हाइकानंच नाही म्हणायचं? दिवस नासतो हो!"

संध्याकाळी मी त्यांना सगळी योजना समजावली. नानांनी लक्षपूर्वक ऐकली, "उत्तम उपक्रम आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

"नाना, 'नाइन' म्हणायचं. नाइन म्हणजे नको."

"थांबलेल्या माणसाला तोंडावर नको? ते आमच्यानं व्हायचं नाही."

बरं, जाऊन जाऊन एका ठिकाणी तरी जावं! रोज तीच पाटी बरी दिसत नाही म्हणून ते पाट्या बदलत. एकदा त्यांनी उलटली ती दफनभूमीची. कोट घातलेला म्हातारा एकटाच दफनभूमीकडे निघालेला पाहून गाडीवाल्याला भरून आलं. त्यानं वाटेत फुलं घेतली, नानांना हाताला धरून आत नेलं आणि "कुठली?" असं खुणेनं विचारलं. नानांना वाटलं, पसंती विचारतोय! त्यांनी चांगल्या दगडाची एक कबर दाखवली. मग तो टोपी काढून उभा राहिला, म्हणून हेही हात जोडून उभे राहिले. तो हलेना म्हणून हे हलेनात, आणि हे हलेनात म्हणून तो.

"चांगल्या घरचं माणूस असणार," नाना घरी आल्यावर म्हणाले.

"गाडीवाला?"

"नाही, पुरलेलं."

परत आणून सोडणाऱ्यांचा प्रकार आणखी वेगळा होता. घरापर्यंत आलेला माणूस चहाशिवाय कसा जाईल? मेधा, म्हणजे माझी बायको, घरून काम करते. तिच्या क्लायंटच्या कॉलमध्ये मागच्या सोफ्यावर रोज नवा जर्मन पोहे खाताना दिसायला लागला. एक सुतार तर दुसऱ्या दिवशी, कुणालाही न आणता, आपणहून आला!

"हे बघ," मेधा मला म्हणाली, "एक तर तुझा बाक राहील, नाहीतर माझी नोकरी."

मी जावई आहे. नानांना ठणकावून सांगणं मला शोभलं नसतं, म्हणून बाहेर थंडी वाढल्याचं कारण काढून मी त्यांना घरात बसवलं. ते दिवसभर खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्या बघायचे आणि "गेला बिचारा रिकामाच," म्हणायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण घरात शांतता होती, आणि ती मी केली होती.

नेमक्या त्याच आठवड्यात फ्राउ लिंडनर बाकाचा निकाल लावायला आल्या. बाक रिकामा. त्यावर पानं साचलेली. पलीकडच्या गावचे दोघंजण टेप घेऊन बाकाची लांबी मोजत होते.

"आल्झो, तर मग," फ्राउ लिंडनर मला म्हणाल्या, "कोणी वापरतं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फ्राउ बाउअर कोट घालून तरातरा आल्या. न्यासाकडे नाही, माझ्याकडे!

"नाना कुठं आहेत? बरे आहेत ना? चार दिवस मी नवऱ्याकडे गेले नाही!"

"तुम्ही? तुम्ही बाकावर बसता?"

"एकटी कशी बसेन? ते हाक मारायचे. मी नको म्हणायचे, ते पुन्हा हाक मारायचे. मी शंभरदा नको म्हटलं तरी बाकावर थोपटत राहायचे, 'बासा, बासा!' शेवटी बसावंच लागायचं." त्या थोड्या हसल्या. "दोघं असलो की ते मागणं वाटत नाही. सोबत वाटते."

म्हणजे गावाचा प्रश्न सुटला होता, आणि प्रकल्पाच्या प्रमुखानं त्याचा उपाय थंडीचं निमित्त करून घरात कोंडून ठेवला होता. खरं सांगतो, मला लाज वाटली. मी धावत घरी गेलो.

"नाना, चला. बाकावर."

"थंडी आहे म्हणालात ना?"

"कमी झाली."

नानांनी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि जाऊन फ्राउ बाउअरशेजारी बसले. तेवढ्यात त्या सुताराची गाडी आली आणि थांबली. दोघं आत बसून निघून गेले. पलीकडच्या गावचे टेप गुंडाळायला लागले. फ्राउ लिंडनरनी बाक कायम केला आणि नानांना न्यासाचं मानपत्र दिलं. पेपरात फोटोही आला. त्यात नाना आहेत, फ्राउ बाउअर आहेत आणि डावीकडे माझं कोपर आहे.

नाना सांगलीला परत गेले. पुढे ऐन हिवाळ्यात माझी गाडी बंद पडली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच बाकावर बसलो. सुताराची गाडी आली, थांबली, काच खाली झाली.

"नाना?"

"सांगलीला."

"आख सो." काच वर गेली आणि गाडीही.

मी कुडकुडत बसलो होतो, तोच फ्राउ बाउअर आल्या आणि शेजारी ऐटीत बसल्या. पुढची गाडी लगेच थांबली. त्या पुढं बसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांनाही घ्या. नानांचे जावई आहेत."

मला मागं कुत्र्याशेजारी जागा मिळाली. बाक मुळात मीच सुचवला होता, हे मी वाटेत दोनदा सांगून पाहिलं.

"गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर," गाडीवाला म्हणाला. "नानांना नमस्कार सांगा. आणि कुत्र्याला जरा सरकून जागा द्या."