तूर्त दोन पातेली

महादेवीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत पोरं ताटं घेऊन ओळीत बसली होती. पलीकडून त्यांचा मुलगा बोलत होता. ‘सर, आई सकाळी चहा घेता घेता...’ मी वाढणं थांबवलं नाही, नुसता दाराआड जाऊन उभा राहिलो. आता दीड महिना झालाय, तरी लिहायला हात धजत नव्हता. बाईंबद्दल लिहायचं म्हणजे गावाबद्दल लिहायला लागतं, आणि गावात अजून सगळं ठीक नाही.

बाई भूमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. निवृत्तीनंतर त्या सासरच्या गावी राहायला आल्या आणि योगायोगानं त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून आलो; तेव्हापासून त्याच मला सर म्हणायच्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा त्यांचा तास मला जसाच्या तसा आठवतो. फळ्यावर नकाशा काढायच्या. गुलाम ठेवायची मुभा असलेली राज्यं पांढऱ्या खडूनं, नसलेली पिवळ्या. ‘नवं राज्य जोडायचं झालं की प्रश्न एकच, याचा रंग कुठला? मग तडजोड व्हायची. एक तुमचं, एक आमचं. प्रत्येक तडजोडीनंतर शहाणी माणसं म्हणायची, मिटलं बरं का. आणि भांडण पुढच्या राज्याच्या वेशीवर वाट बघत बसायचं.’ एकाच देवाची प्रार्थना करणारी चर्चची मंडळं कशी दुभंगली, पळून आलेल्या गुलामाला धरून द्यायचा कायदा कसा झाला, भर सभागृहात एका खासदारानं दुसऱ्याला काठीनं कसं झोडपलं आणि लोकांनी मारणाऱ्यालाच नव्या काठ्या कशा भेट पाठवल्या, हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. कुणी पोरानं ‘राज्यांच्या हक्कांसाठी लढाई झाली’ असं लिहिलं की विचारायच्या, ‘हक्क कशाचा? माणूस विकत घ्यायचा ना?’

तीन वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या रुक्मिणबाईंना शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळालं. तिसऱ्या दिवशी निम्मी ताटं रिकामी राहिली. पोरं घरून डबे आणायला लागली. बैठकीत बाईंचे धाकटे दीर, ज्यांना गाव अप्पा म्हणतं, उभे राहून म्हणाले, ‘आमची पोरं तिच्या हातचं खाणार न्हायत. बाकी आमचं काय भांडण न्हाय.’ वस्तीतली माणसं उठून निघाली. मी घाबरलो आणि बाईंकडं गेलो. त्यांनी कागद लिहून दिला. दोन्ही बाजूंच्या संमतीनं, तूर्त, दोन चुली आणि दोन पातेली, गावाचं वेगळं, वस्तीचं वेगळं. सगळे सह्या करून घरी गेले. मला त्या दिवशी शांत झोप लागली, हे कबूल करतो.

जून उजाडला. पहिलीत नवी पोरं आली, त्यात वीटभट्टीवरची सात. ही कुठल्या पातेल्यातली? त्यावरून रोज हमरीतुमरी. मग पाण्याचे माठ दोन झाले, रांगा दोन झाल्या. दोन पातेली नकोत म्हणणारेही गावात होते, त्यांच्याशी बाकीच्यांनी बोलणं टाकलं. भजनी मंडळ फुटलं; टाळ एकीकडं, पखवाज दुसरीकडं. एक दिवस शाळेच्या फाटकात रुक्मिणबाईंच्या भावाचं डोकं काठीनं फुटलं. मारणारा जामिनावर सुटून आला तेव्हा पारावर त्याला हार घातला गेला. बाई तशाच उन्हातून शाळेत आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. ‘सर, हार घातला त्याला... तुम्ही बघितलं?’ ‘रेघ मी ओढून दिली.’

मग ग्रामसभा झाली. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. बाई उठल्या. ‘तो कागद मी लिहिला. भांडण टाळायचं म्हणून लिहिला, आणि रुक्मिणला विचारलंसुद्धा नाही. चुकले. मी तो मागं घेते.’

अप्पा म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही खाली बसा.’

‘नाही बसत.’

तेव्हा मागून, दाराजवळून रुक्मिणबाई बोलल्या. ‘म्या सैपाक बरा करते का न्हाय, येवढं तरी कुनी इचारायचं हुतं.’

त्या आठवड्यात दुसरी चूल बंद झाली. पण काही घरांनी दाखले काढून पोरं दूरच्या शाळेत घातली. त्यांना न्यायला रोज जीप येते. अप्पांची नातवंडं त्या जीपमध्येच असतात. भावकीनं बाईंच्या घरी येणं-जाणं बंद केलं. बाईंना त्याचं दुःख असेल, पण बोलायच्या त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल. रोज दुपारी फोन. ‘सगळी एका ओळीत बसली का? कुणी काही बोललं का?’ मी म्हणायचो, बाई, आता शांत आहे सगळं. ‘शांत मधेमधे तिकडं अमेरिकेतही होतं, सर,’ त्या म्हणायच्या. माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं, त्यामुळं फार थकल्या की स्वतःशीच कन्नडमध्ये ‘साकु, साकु’ पुटपुटायच्या. पुरे, पुरे.

मातीला मात्र भावकी आली. परतून सगळे बाईंच्या ओसरीवर बसले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. भाकरी शेजारपाजारच्यांनी आणायची. त्या दिवशी टोपली घेऊन पहिल्यांदा आल्या त्या रुक्मिणबाई. भाकरी आणि पिठलं. उंबऱ्याबाहेर थांबल्या. बाईंच्या मुलानं टोपली घेतली आणि सगळ्यांपुढं वाढायला सुरुवात केली. भावकीत आता अप्पाच थोरले, पहिला घास त्यांचा. ते भाकरीकडं बघत राहिले. अखेर त्यांनी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. मग बाकीचे जेवले. रुक्मिणबाई रिकामी टोपली घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर फाटकाशी जाऊन उभा राहिलो. जीप नेहमीच्या वेळेला आली, अप्पांच्या दारात थांबली, आणि पोरं बसवून निघून गेली.