पोळ्याचा पहिला घास

देवपुरात पोळ्याच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला रंगीत गोंडे, घुंगुरमाळा आणि मातीचे बैल मांडून विक्रेते बसतात. काल त्यांतल्या एकानं शिंगांना लावायच्या रंगाचा डबा उघडला आणि त्या उग्र, तेलकट वासासरशी मी थेट आफ्रिकेतल्या पिवळ्या गवतात जाऊन पोचले. हसू नका. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पोळा तिथंच झाला.

सत्तर साल उलटून गेल्यावरची गोष्ट. लग्न होऊन मी नैरोबीला गेले होते, यजमान तिथं शाळेत शिक्षक. माझे वडील पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात शेती करायचे. अख्खा गाव त्यांना नाना म्हणायचा, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. त्यांची बैलजोडी मिरवणुकीत सर्वांत पुढे. पण तिचा कासरा त्यांनी घरातल्या बाईमाणसाच्या हाती कधी दिला नाही. मी हट्ट धरला की म्हणायचे, "हाई तुले जमाव नही." ते शब्द मी समुद्रापलीकडेही बरोबर नेले होते. मोटार चालवायला शिकले ती खरं तर नानांवरच्या रुसव्यानं.

नाना मला भेटायला आले आणि नेमका पोळा तिथंच आला. अभयारण्यात जायचं ठरलं होतं. पोळ्या भाजायचं मातीचं खापर तिथं नव्हतं, तव्यावरच्या पुरणपोळ्यांना नाकं मुरडत त्यांनी त्या डब्यात भरून घेतल्या. मोटारीला कुंकू लावलं. ती मी चालवणार म्हटल्यावर मात्र यजमानांकडे बघून म्हणाले, "जवाईना हात दुखतस का?"

रानात पोचलो आणि नाना खुलले. झेब्रे एकमेकांच्या पाठीवर मान टेकवून, उलटसुलट तोंडं करून उभे होते. दोघांनी दोन्हीकडची वाट राखायची आणि शेपट्यांनी एकमेकांच्या माश्याही वारायच्या! त्या जोड्या बघून त्यांना घरच्या जोडीची इतकी आठवण आली की डोळे ओले झाले. झुडपाखाली लोळणाऱ्या सिंहाचं मात्र काडीचं कौतुक नाही. "दिनभर झोपस हाऊ? बैल ऱ्हाता तर इकी टाकतू!"

पुढं हत्तींचा कळप दिसला. मी गाडी थांबवून मागं बसलेल्या यजमानांशी बोलतेय तोवर नाना दार उघडून खाली! हातात पुरणपोळी. पोळ्याला जनावराच्या तोंडी घास गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. इथं बैल नाही तर हत्ती, त्यांच्या लेखी एवढाच फरक. कळपातली एक थोराड हत्तीण गर्रकन वळली. सुपासारखे कान पसरून चित्कारली आणि धूळ उडवत आमच्याकडे निघाली.

"नाना, आत बसा! दार लावा!" मी ओरडले. जन्मात त्यांना असं कुणी दरडावलं नसेल. ते निमूट बसले. मी भोंगा वाजवला नाही, घाई केली नाही. तिच्यावरची नजर न काढता गाडी हळूहळू मागं घेतली. ती थांबली. सोंडेनं माती उडवून रस्त्यात आडवी उभी राहिली, ती मागून शेवटचं पिल्लू पार होईपर्यंत. मग सावकाश स्वतः गेली.

"मादी शे का ती?" नानांनी विचारलं.

"हो. कळपाची पुढारी म्हातारी हत्तीणच असते. वाट तीच ठरवते, पिल्लांना तीच राखते."

 नानांनी हातातली पोळी मोडली आणि पहिला घास माझ्या तोंडाशी धरला. "जो गाडी वढस, पहिला घास त्याना."

मी हसता हसता रडले.

पुढं दोन वर्षांनी मी पोळ्याला माहेरी गेले. मिरवणूक मारुतीच्या देवळाशी आली आणि नानांनी चारचौघांत कासरा माझ्या हाती दिला. कुणीतरी कुरकुरलं. तसे नाना अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे गरजले, "हाई मनी पोर शे. हिनी हत्तीन थांबाडी!" खरं तर मागं सरले होते मी. पण बापाच्या आवाजातला तो रुबाब ऐकून मी मुळीच दुरुस्ती केली नाही. ताठ मानेनं चालत राहिले.

आता नाना नाहीत. गावात पोळ्याला बैलांपेक्षा ट्रॅक्टरच जास्त दिसतात आणि त्यांनाही लोक हौसेनं गोंडे बांधतात. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. काल मातीची एक जोडी घेतली. विक्रेत्याचा मुलगा म्हणाला, "आजी, जड आहे, जमेल ना न्यायला?"

मला इतकं हसू आलं म्हणता! जोडी उचलली आणि घरी आणली. आज पुरणपोळीचा पहिला घास तिच्यापुढं ठेवीन. दुसरा, नानांच्या हुकमानं, माझा.